दयेची परीक्षा

दया करणे चांगले, ह्याविषयी वाद घालणारा मनुष्य सहसा आढळत नाही. वाद उत्पन्न होतो तो निराळ्याच ठिकाणी. एकावर केलेली दया दुसऱ्याच्या जिवावर येऊ लागली, आणि त्या दुसऱ्याला स्वतःविषयी एक शब्दही बोलता येत नसला, तर अशा दयेचे काय करावे? ती टाकून द्यावी, की आपला हेतू शुद्ध आहे एवढ्यावर समाधान मानून पुढे चालावे? प्रिय वाचकहो, हा प्रश्न वरवर पाहता पंडितांच्या बैठकीतला वाटेल. परंतु तो बाळंतिणीच्या खाटेशी उभा असतो. म्हणून वैद्यकाच्या इतिहासातील एका खऱ्या प्रकरणावरून त्याचा विचार करण्याचे आम्ही योजिले आहे. ते प्रकरण म्हणजे, प्रसूतीच्या वेळी आईला श्वासावाटे दिलेली भूल, आणि त्या भुलीने नवजात बालकाच्या श्वासाला होणारी बाधा.

सन १८४६ च्या ऑक्टोबर महिन्यात अमेरिकेतील बॉस्टन शहरी ईथर नावाच्या औषधाची वाफ हुंगवून एका रोग्यावर शस्त्रक्रिया करण्यात आली, आणि ती वार्ता थोड्याच महिन्यांत युरोपात पसरली. स्कॉटलंडातील एडिंबरो येथे प्रसूतिशास्त्राचे अध्यापक असलेले डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन ह्यांनी १८४७ च्या जानेवारीत प्रसूतीच्या वेळी ईथरचा उपयोग केला, व त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात क्लोरोफॉर्मचा. ज्या कळांपुढे आजवर सर्व वैद्य हात जोडून उभे राहत, त्या कळा आता शांत करता येतात असे दिसून आले.

ह्यावर हरकत निघाली. उत्पत्तीच्या पुस्तकातील तिसऱ्या अध्यायाचे सोळावे वचन पुढे करून काहींनी म्हटले की, प्रसूतीचे क्लेश देवाने स्त्रीला नेमून दिले आहेत. ते काढून घेण्याचा अधिकार मनुष्याला नाही. अशा हरकती संख्येने फार नव्हत्या, वैद्यांनी स्वतः घेतलेल्या हरकतीच अधिक होत्या, असे पुढील काळच्या इतिहासकारांस आढळले आहे. तथापि सिम्प्सन ह्यांनी १८४७ च्या डिसेंबरात एक पुस्तिका छापून धर्माच्या नावाने येणाऱ्या हरकतींस उत्तर दिले. त्यांचे म्हणणे असे की, त्या वचनातील मूळ इब्री शब्दाचा अर्थ वेदनेपेक्षा कष्ट असा अधिक आहे. शिवाय त्याच अध्यायात पुरुषाला काटेकुसळांची भूमी व कपाळाचा घाम सांगितला आहे. मग काटेकुसळे उपटणारा आणि आपले कष्ट वाचविण्यासाठी नांगराला जनावरे जुंपणारा शेतकरी पापी ठरतो काय? आणखी, त्याच पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायात आदामाची फासळी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणिली, हेही त्यांनी दाखवून दिले.

आमच्या शेतकरी वाचकांस ह्यांतील बैलजोडीचे उत्तर विशेष पटेल. ज्याने मोटेच्या जागी इंजिन बसविले, त्याला कोणी अधर्मी म्हणत नाही. मग बाईच्या कळांविषयीच एवढी कडक शिकवण का? आपल्या घरांतूनही, "बाईच्या जन्माला आले म्हणजे सोसावेच लागते," असे शब्द ऐकू येतात. हे वाक्य उच्चारणारा मनुष्य बहुधा स्वतः सोसणारा नसतो. दुसऱ्याच्या दुःखाला ईश्वरी नेम म्हणणे सोपे आहे. आपला दात दुखू लागला म्हणजे तोच मनुष्य वैद्याचे दार शोधतो. तेव्हा ह्या वादात सिम्प्सन ह्यांचा पक्ष न्यायाचा होता, असे आम्ही निःशंकपणे म्हणतो.

ता. ७ एप्रिल १८५३ रोजी राजपुत्र लिओपोल्ड ह्याच्या जन्मसमयी लंडनच्या डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी व्हिक्टोरिया राणीला रुमालावर थोडथोडे क्लोरोफॉर्म घालून हुंगविले. पटकीचा रोग दूषित पाण्यावाटे पसरतो हे ज्यांनी पुढे दाखवून दिले, तेच हे स्नो. राणीने स्वतः ते औषध स्वीकारल्यामुळे लोकांची भीड हळूहळू मोडली. दयेचा जय झाला. परंतु त्या खोलीत आईखेरीज आणखी एक जीव होता, आणि त्याची संमती कोणी विचारली नव्हती. कारण ती विचारण्याची सोयच नव्हती.

आता ही भूल बालकापर्यंत कशी पोहोचते, हे समजून घेतले पाहिजे. हुंगलेली वाफ आईच्या फुप्फुसांतून रक्तात उतरते व रक्तातून मेंदूत जाऊन जाणीव हरण करते. गर्भावस्थेत आईचे रक्त व बालकाचे रक्त ही एकमेकांत मिसळत नाहीत. दोहोंच्या मध्ये वारेचा पातळ पडदा असतो. परंतु जो पडदा प्राणवायूला वाट देतो, तोच भुलीच्या वाफेलाही वाट देतो. आपण बांध घालून पाणी आपल्या वावरात घ्यावे आणि पाझराने ते शेजाऱ्याच्या वावरातही उतरावे, तसाच हा प्रकार आहे. सन १८७० नंतरच्या दशकात पाउल त्स्वायफेल नावाच्या प्रसूतिवैद्याने रासायनिक परीक्षा करून दाखविले की, आईला दिलेले क्लोरोफॉर्म खरोखरच बालकापर्यंत जाते.

पोटात असेतोपर्यंत ह्याने बालकाचे फारसे अडत नाही. कारण त्याचा प्राणवायू नाळेतून येत असतो. संकट येते ते नाळ कापल्यावर. तेव्हा बालकाने स्वतः छाती फुगवून पहिला श्वास घ्यावयाचा असतो, आणि त्याच वेळी मेंदूतील श्वास चालविणारी जागा भुलीने मंद झालेली असते. ह्यांत आणखी एक विलक्षण गोष्ट अशी की, श्वासावाटे आत गेलेली ही वाफ मुख्यत्वे श्वासावाटेच बाहेर पडते. म्हणजे ज्या श्वासाने बालकाची सुटका व्हावयाची, तोच श्वास अडलेला. विहिरीत पडलेल्याला वर काढण्याचा दोरही विहिरीतच पडावा, अशी ही स्थिती आहे. परंतु अशा वेळी जवळच्या जाणत्या मनुष्याने तोंडानाकावर लहान मुखवटा बसवून पिशवीने हलकेच हवा दिली, तर ती वाफ लवकर निघून जाते आणि बालक बहुधा स्वतः श्वास घेऊ लागते. भूल किती दिली, कोणत्या जातीची दिली, आणि ती दिल्यापासून बालक बाहेर येईपर्यंत किती वेळ गेला, ह्या तीन गोष्टींवर त्या बालकाची सुस्ती अवलंबून असते.

इतके असूनही पुष्कळ वर्षे ह्या गोष्टीचा नीट हिशोब कोणी ठेविला नाही. ह्याचे कारण वैद्य निर्दय होते असे नाही. आई शुद्धीवर आली म्हणजे तिला विचारता येई, आणि ती आभार मानी. बालक मात्र निळे पडले, ढिले पडले, उशिरा रडले, तरी त्याची तक्रार कोण नोंदविणार? "नाजूकच जन्मले," असे म्हणून गोष्ट संपे. जे दुःख बोलते त्याच्याकडे धावावे, आणि जे दुःख मुके असते त्याला नशीब म्हणावे, ही मनुष्यस्वभावाची जुनी खोड आहे. आभार मानणारा समोर असला म्हणजे आपल्या दयेची उलट तपासणी करावी असे कोणास वाटत नाही.

ती तपासणी करणाऱ्यांत न्यूयॉर्क येथील डॉक्टर व्हर्जिनिया ऍपगार ह्या बाईंचे नाव अग्रभागी आहे. ह्यांचा जन्म १९०९ चा. प्रथम शस्त्रक्रियेचे शिक्षण घेऊन नंतर त्यांनी भूल देण्याच्या विद्येत प्रावीण्य मिळविले, आणि १९४९ साली कोलंबिया विद्यापीठाच्या वैद्यक महाविद्यालयात पूर्ण अध्यापकपद मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या. भूल देणे हाच त्यांचा धंदा होता, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. नवजात बालकाची प्रकृती चटकन कशी ओळखावी, ह्यावर त्यांनी पाच खुणा ठरविल्या. हृदयाचे ठोके, श्वासाचा जोर, डिवचले असता येणारा प्रतिसाद, हातापायांतील ताकद, आणि अंगाचा रंग, ह्या त्या पाच खुणा होत. जन्मल्यापासून एक मिनिटाने प्रत्येक खुणेला शून्य, एक किंवा दोन गुण द्यावयाचे; सर्व चांगले असल्यास दहा. ही पद्धती त्यांनी १९५२ साली भूलतज्ज्ञांच्या सभेपुढे मांडली व १९५३ साली ती छापून प्रसिद्ध झाली. पुढे पाच मिनिटांनीही असेच गुण देण्याचा प्रघात पडला.

ह्या पद्धतीत यंत्र नाही, महागडे औषध नाही. पाहणारे डोळे, ऐकणारे कान आणि घड्याळ एवढ्याच गोष्टी लागतात. तरी तिने मोठे काम केले. आजवर ज्याला वाचा नव्हती, त्या बालकाला तिने साक्षीदाराच्या जागी उभे केले. १९५८ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या वृत्तांतात १५,००० हून अधिक बालकांची नोंद होती. पहिल्याच वृत्तांतात असे दिसले होते की, पोट चिरून केलेल्या प्रसूतींत ज्या आयांस पाठीच्या कण्यात औषध टोचून केवळ खालचे अंग बधिर केले होते, त्यांच्या बालकांना चांगले गुण मिळाले. आणि ज्यांस पूर्ण बेशुद्ध केले होते, त्यांच्या बालकांना कमी.

ह्यापुढे जे घडले त्यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. त्या काळी सायक्लोप्रोपेन नावाचा भुलीचा वायू फार प्रचारात होता. तो लवकर गुंगी आणी, आणि ऍपगारबाईंच्या तो विशेष आवडीचा होता. डॉक्टर होलाडे व डॉक्टर जेम्स ह्या सहकाऱ्यांसह त्यांनी नवजात बालकांच्या रक्ताची परीक्षा चालविली. हा वायू वारेतून बालकाकडे जातो ह्याविषयीचे त्यांचे संशोधन १९५७ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याने बालके सुस्त होतात असे दिसून आले. तेव्हा बाईंनी आपल्या आवडत्या वायूला निरोप दिला. वाचकहो, शत्रूचे शस्त्र हातातून टाकविणे सोपे असते. आपल्याच हातचे, आपल्याला कीर्ती देणारे, आपल्या सवयीचे हत्यार पुरावा पाहून खाली ठेवणे कठीण असते. त्यांनी मुक्या साक्षीदाराचा जबाब ऐकला आणि तो स्वतःविरुद्ध असताही मान्य केला.

आता कोणी म्हणेल, "असे आहे तर आईनेच कळा सोसाव्यात, म्हणजे बालकाला धोका नाही." हा निष्कर्ष दिसतो सरळ, पण तो खोटा आहे. अतिशय वेदना व भय ह्यांनी आईच्या शरीरात अशी द्रव्ये वाढतात की, त्यांमुळे गर्भाशयाकडे जाणारे रक्त कमी होऊ शकते. म्हणून आईचे हाल हा बालकाचा लाभ होय असे समजू नये. आणि पोट चिरण्याची वेळ आली तर भुलीवाचून ते करणे म्हणजे निव्वळ क्रौर्य. संशोधकांनी दया सोडली नाही. दयेची वाट बदलली. आज पोट चिरून करावयाच्या प्रसूतीत बहुधा कण्यात सुई देऊन बधिरता आणितात; आई जागी राहते आणि बालकाचे पहिले रडे स्वतः ऐकते. हीही रीत सर्वथा निर्दोष नाही; आईचा रक्तदाब उतरू शकतो, व त्यावर लक्ष ठेवावे लागते. ब्रिटनमध्ये १९६० नंतरच्या दशकापासून निम्मा नायट्रस ऑक्साईड व निम्मा प्राणवायू असे मिश्रण बाळंतिणीस मिळू लागले. ती स्वतःच्या हाताने मुखवटा धरून कळ येताना ते घेते. हा वायू अंगातून लवकर निघून जातो.

पूर्ण बेशुद्धीची भूलही अगदी टाकून दिलेली नाही. आईचा रक्तस्राव अनावर झाला, किंवा कण्यात सुई देण्यास वेळ वा सोय नसली, तर तीच दोघांचे प्राण वाचविते. फरक एवढाच की, आता वैद्य डोळे उघडे ठेवून ती देतात. आईचे पोट धुऊन, कापड पसरून, शस्त्रवैद्य सज्ज झाल्यावरच तिला झोपवितात, म्हणजे मधला वेळ थोडा जातो. वाफेची मात्रा बेताची ठेवितात. आणि बालकाला श्वास देण्यास एक जाणता मनुष्य पिशवी व मुखवटा घेऊन तयार असतो. ह्यावरून दिसेल की आई व बालक हे एकाच तराजूचे दोन विरुद्ध पारडे नव्हेत. एकाला वर चढविण्यासाठी दुसऱ्याला खाली दाबले पाहिजे असे जे वाटत होते, ते केवळ नीट न पाहिल्यामुळे वाटत होते.

दुसरा आक्षेप असा येईल की, जन्मणाऱ्या जिवाला गुण देणे हे थंड काळजाचे काम आहे. माया मोजीत बसत नाही. परंतु आपल्याच देशातील एक गोष्ट पाहा. सन १९२० च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या पुष्कळ बाया कामावर जाताना तान्ह्या मुलांस अफूची बाळागोळी देत. मूल रडू नये, उपाशी तळमळू नये, निजून राहावे, एवढाच त्यांचा हेतू. त्यांच्या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही, आणि त्यांच्या गरिबीला दोष देणाऱ्याने प्रथम त्यांचा दिवस कंठून पाहावा. परंतु अफूनेही श्वास मंद होतो, आणि शांत निजलेले मूल सुखी आहे की बुडत आहे, हे मायेला नुसत्या कौतुकाने कळत नाही. तेथे जवळ बसून श्वास मोजावा लागतो. मोजणे हे मायेच्या विरुद्ध नाही. मोजणे हे मायेचे डोळे आहेत.

मात्र गुणांनाही त्यांच्या मर्यादेत ठेवावे. ते मुलाच्या पुढील बुद्धीचा किंवा नशिबाचा निकाल नव्हेत. पहिल्या मिनिटाला तीन गुण मिळालेले बालक पुढे धडधाकट होऊ शकते. शिवाय गुण लिहिण्यासाठी मिनिट भरण्याची वाट पाहून मदत थांबवावयाची नसते. श्वास नसला तर ताबडतोब हात चालवावा लागतो. जो अंक आपल्याला उठवून कामास लावितो तो चांगला. जो कपाळावर शिक्का मारून आपल्याला स्वस्थ बसवितो तो वाईट.

ही कथा न्यूयॉर्कची असली तरी तिचा धडा झोपडीपर्यंत पोहोचतो. खेड्यातील बालकाचा श्वास अडतो तो बहुधा भुलीमुळे नव्हे, तर लांबलेल्या कळा, अपुरे दिवस, किंवा अशाच इतर कारणांनी. परंतु पहिल्या मिनिटाची किंमत तीच. गडचिरोली जिल्ह्यात डॉक्टर अभय व राणी बंग ह्यांनी खेड्यातील साध्या बायांस नवजात बालकाची घरीच काळजी घेण्याचे शिक्षण दिले. श्वास न घेणाऱ्या बालकास हवा देणे हाही त्या शिक्षणाचा भाग होता. त्या प्रयत्नाने कितीतरी बालके वाचली, हे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनाने जगापुढे आले. सन २००९ पासून भारत सरकारनेही आरोग्यसेवकांस नवजात बालकाच्या पहिल्या श्वासाविषयी शिकविण्याचा कार्यक्रम चालविला.

तेव्हा आपल्या गावात कोणा सुनेला दवाखान्यात नेण्याचा प्रसंग आला, तर दोन चुका टाळाव्यात. "भुलीने बाळाला बाधा होते," एवढे अर्धवट ऐकून शस्त्रक्रियेस अडवून बसू नये. त्या हट्टाने दोघेही जाऊ शकतात. आणि "डॉक्टर काय ते बघतील," म्हणून मुकाट्याने अंगठाही उठवू नये. "भूल कोणती देणार? बाळाचा श्वास पाहण्यास कोण उभे राहणार?" हे दोन प्रश्न नम्रपणे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. चांगला डॉक्टर त्यांचे उत्तर आनंदाने देतो.

आमच्या प्रश्नाचा निकाल आता थोडक्यात सांगता येईल. दुःख हा ईश्वरी नेम आहे असे म्हणून दया नाकारणारा चुकतो. आणि माझा हेतू चांगला आहे, एवढ्यावर दयेची परीक्षा नाकारणाराही चुकतो. ह्या दोघांचे मूळ एकच आहे: दोघेही समोरच्या जिवाकडे पाहत नाहीत. पहिला आपल्या सिद्धांताकडे पाहतो, दुसरा आपल्या चांगुलपणाकडे. खरी दया आपल्या कृत्याचा माग काढीत जाते. ते कृत्य कोणाकोणाच्या अंगावर पडले हे पाहते. आणि त्या रांगेत जो सर्वांत लहान व सर्वांत मुका असेल, त्याच्यापाशी थांबून त्याचा श्वास चालला आहे की नाही हे अगोदर पाहते.